सेकंडहँड गाडी पाच आठवड्यांत बसली, डीलर हात वर करतोय: इंजिन उघडण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वाकडच्या एका ऑटो कन्सल्टंटकडून, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, तुम्ही २०१६ ची डिझेल हॅचबॅक ४ लाख ८० हजारांना घेतलीत. मीटरवर ६२ हजार किलोमीटर होते. पाच आठवड्यांनी कात्रजचा घाट चढताना पिकअप गेला, मागून निळसर धुराचा लोट निघाला आणि गाडी टो करून आणावी लागली. गॅरेजवाला म्हणतो टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) गेलाय, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनवरचा दाब खाली गळतोय, हाफ इंजिनचं (पिस्टन-रिंगांपुरतं) काम धरून सव्वा लाख होतील. कन्सल्टंट म्हणतो, "जशी आहे तशी दिली, तुम्ही बघून, चालवून, सही करून घेतलीत." आणि तुम्ही विचारताय, ग्राहक न्यायालयात गेलो तर गाडी परत करून पैसे मिळतील का.

मी वकील नाही, मोटार सर्व्हेअर आहे. अपघाती विम्याचे सर्व्हे हे मुख्य काम. त्याच्या जोडीला जुन्या गाड्यांच्या वादात कधी खरेदीदारासाठी तर कधी डीलरसाठी तांत्रिक अहवाल देतो. कायद्याबद्दल पुढे जे लिहिलंय ते वकिलांशेजारी बसून आणि ग्राहक आयोगात (ग्राहक न्यायालयाचं अधिकृत नाव) लेखी प्रश्नावल्यांना उत्तरं देऊन जमलेलं आहे. नोटिशीचा मसुदा एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घालाच.

पैसे मिळतील की नाही हे दोन गोष्टींवर ठरेल. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी हा बिघाड गाडीत होता का, आणि गाडीबद्दल डीलर तुम्हाला काय म्हणाला होता. पहिल्याचा पुरावा बॉनेटखाली आहे, दुसऱ्याचा तुमच्या फोनमध्ये. दोन्ही घालवायला एक दुपार पुरते. म्हणून हे वाचून होण्याआधी गॅरेजवाल्याला फोन करा आणि सांगा: इंजिन उघडू नको, ऑइल काढू नको, स्कॅनरवरचे कोड पुसू नको.

हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं इथेच मेलेली असतात. माणूस वैतागलेला असतो, रोज हिंजवडीला जायचं असतं, म्हणून तो आधी काम करून घेतो आणि मग बिल घेऊन भांडायला निघतो. तोवर जुना टर्बो रिकंडिशनवाल्याने एक्स्चेंजमध्ये नेलेला असतो, ऑइल ड्रममध्ये गेलेलं असतं, पिस्टन रिंगा भंगारात. हातात उरतं ते सव्वा लाखाचं बिल. बिलावरून खर्च झाला एवढंच सिद्ध होतं. बिघाड जुना होता हे त्यातून कळत नाही. समोरचा वकील शांतपणे विचारतो, "पाच आठवड्यांत तुम्ही ऑइल कमी असताना गाडी चालवली नाही कशावरून?" आणि त्याला द्यायला उत्तर नसतं.

आता बिघाडाचं वय कसं ठरवतात ते सांगतो, कारण तुमची सगळी केस त्यावर उभी राहणार आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल वेळच्या वेळी बदललं नाही की त्याचा काळा गाळ होतो, तो टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या बारीक नळीत भाजून चिकटतो, बेअरिंग उपाशी राहतं आणि शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. हा जळका, कडक थर दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये तयार होत नाही. त्यामुळे नळीत आणि टॅपेट कव्हरखाली तसा गाळ सापडला, इंटरकूलरच्या पाइपात जुनं घट्ट झालेलं ऑइल मिळालं, तर हे दुखणं तुमच्या आधीचं आहे असं कुठलाही जाणकार इंजिनिअर लिहून देईल. उलट आतून सगळं स्वच्छ आहे, ऑइल किमान खुणेच्या खाली आहे आणि बेअरिंग ताजं घासलेलं आहे असं दिसलं, तर संशयाची सुई तुमच्याकडे वळते. असं निघालं तर मी तसंच लिहितो, पैसे कोणीही दिलेले असोत.

दुसरा पुरावा खुद्द ऑइल. धूर आणि खडखड लपवायला गाडी दाखवण्याआधी इंजिनात गरजेपेक्षा जाड ऑइल किंवा घट्ट करणारं अ‍ॅडिटिव्ह ओतायची युक्ती जुनी आहे. त्यावर थंड इंजिन महिनाभर बरं वागतं. घाटात, लोडवर, ऑइल तापलं की सोंग उतरतं. तुमची गाडी पाच आठवड्यांनी आणि नेमकी चढावर बसली, म्हणून ही शंका मला येते. सिद्ध मात्र चाचणीनेच होईल. साक्षीदारांसमोर स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर ऑइल काढून सील करा, बाटलीवर तारीख टाका, सह्या घ्या. ऑइल फिल्टर काढला तर तोही जपून ठेवा.

तिसरा स्कॅनरचा. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे कोड साठवतो आणि कोड नोंदला गेला त्या क्षणाची स्थितीही बहुधा टिपून ठेवतो: वेग, इंजिनचे फेरे, तापमान. आणखी एक नोंद असते जिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. शेवटचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बऱ्याच गाड्या सांगतात. तुम्ही गाडी घेतल्यापासून समजा १,७०० किलोमीटर चालवली आणि स्कॅनर म्हणतो की १,७१० किलोमीटरपूर्वी कोड पुसले होते, तर डिलिव्हरीच्या एक-दोन दिवस आधी कोणीतरी इंजिनचा दिवा विझवलेला आहे. हा आकडा समोर आल्यावर भल्याभल्या डीलरांचा आवाज खाली आलेला मी पाहिला आहे. पण तुमच्या मेकॅनिकने "बघू तरी दिवा परत येतो का" म्हणून कोड पुसले, की हा मोजणारा आकडा शून्यावर येतो. म्हणून आधी स्क्रीनचे फोटो, त्यात तारीख आणि गाडीचा नंबर दिसेल असे.

मीटरचं मी वेगळं पाहीन. २०१६ ची डिझेल गाडी आणि ६२ हजार किलोमीटर हे अशक्य नाही, पण पेट्रोलपेक्षा जास्त पैसे मोजून डिझेल घेणारा माणूस सहसा भरपूर फिरणारा असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी मागा. काही ठिकाणी आरसी तुमच्या नावावर असल्याशिवाय देत नाहीत, काही ठिकाणी लगेच प्रिंट काढून देतात. २०२१ च्या सर्व्हिसला ९४ हजार लिहिलेलं असेल तर तुमची केस टर्बोची राहत नाही, मीटर फिरवल्याची होते, आणि ती सिद्ध करायला कितीतरी सोपी. शेवटच्या दोन विमा पॉलिसीही मागा. त्यावरची नो क्लेम बोनसची टक्केवारी बोलकी असते: ओळीने पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. दीर्घकाळ एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस अचानक शून्य झाला असेल तर मधल्या वर्षी मोठा क्लेम झालाय का, पॉलिसी खंडित झाली होती का, हे विचारायला जागा आहे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ६२ हजारांत चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले तर तोही एक धागा.

जाता जाता पुराबद्दल. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, सीटखालच्या रुळांचे बोल्ट आणि फ्यूज बॉक्समधले पिन बघा. बेल्टवर गाळाची रेघ किंवा पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर फोटो काढून मगच पुढे जा.

आता फोनमधला पुरावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' म्हणजे काय हे सांगताना कायद्याने एक बाब स्पष्ट घेतली आहे: विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यात उणीव असेल तर तोही दोष. म्हणजे दावा बिलावरच हवा असं नाही. जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅप, व्हिडिओत बोललेलं वाक्य, सगळं यात येतं. मात्र सगळ्या वाक्यांचं वजन सारखं नसतं. "एकदम मक्खन गाडी", "शोरूम कंडिशन", "डॉक्टरांची गाडी आहे साहेब" ही बाजारातली बोली झाली, तिच्यावर केस उभी राहत नाही. "६२ हजार ओरिजिनल", "नॉन-अ‍ॅक्सिडेंट", "फर्स्ट ओनर", "कंपनी सर्व्हिस रेकॉर्ड आहे", "इंजिनला हात लावलेला नाही" ही वस्तुस्थितीबद्दलची विधानं आहेत. ती खरी की खोटी हे तपासता येतं, आणि खोटी निघाली तर तुम्ही अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार करू शकता. जाहिरात अजून दिसत असेल तर लगेच स्क्रीनशॉट घ्या; गाडी विकली की त्या जाहिराती उडतात. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, पण मूळ फोन आणि मूळ चॅट जपा, कारण डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं आणि ते मूळ फोनवरून देणं सोयीचं.

तो काहीच बोलला नसेल तर? इथे १८७२ चा करार कायदा मोठा रंजक आहे. कलम १७ खालची उदाहरणं घोड्याची आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्यात खोड आहे हे माहीत आहे आणि तो गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला की "तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो", आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे उदाहरण आजच्या व्हॉट्सअ‍ॅपला तंतोतंत लागू पडतं. तुमच्या जुन्या चॅटमध्ये "इंजिनचं काही काम नाही ना?" असा प्रश्न आणि त्यापुढे अंगठा किंवा दोन निळ्या टिका असतील, तर ते पान सोन्याचं आहे. पुढच्या खेपेला गाडी घ्याल तेव्हा टोकन देण्याआधी हा एक मेसेज पाठवायचाच.

त्या सहीचं काय, म्हणजे 'जशी आहे तशी'? या सहीला अर्थच नाही असं इंटरनेटवर वाचाल. ते खरं नाही. १९३० चा मालविक्री कायदा दोन्ही बाजूंना आपसात ठरवून गृहीत धरलेल्या अटी बाजूला ठेवायची मुभा देतो. त्याच कायद्यात असंही आहे की माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल नंतर बोलता येत नाही. म्हणजे डॅशबोर्डला तडा, घासलेले टायर, हलणारं स्टिअरिंग, एसीचा आवाज हे विसरा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश हेही विसरा. नऊ-दहा वर्षांच्या गाडीत हे खर्च गृहीतच असतात आणि आयोगासमोर त्यांची यादी वाचली की तुमची खरी तक्रारही पातळ होते. पण आतला टर्बो टेस्ट ड्राइव्हवर दिसत नाही, आणि खोटं बोलून घेतलेली सही खोट्याला झाकत नाही. 'जशी आहे तशी' चा अर्थ 'जशी सांगितली तशी नसली तरी चालेल' असा होत नाही. एक बारकावा वकिलाला विचारा: करारच अन्यायकारक आहे असा मुद्दा मुख्य केला तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्याकडे नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात दोष आणि खोटा दावा हे दोन मुद्दे जिल्हा आयोगापुढे पुरेसे वाटतात.

यानंतर कन्सल्टंटचं हुकमी वाक्य येईल: "आम्ही फक्त मध्यस्थ, व्यवहार तुमचा आणि मालकाचा." पुण्यात हे फार चालतं. जुन्या मालकाकडून फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे आरटीओचे अर्ज) कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या, स्वतःच्या नावावर गाडी कधीच करायची नाही, आणि गिऱ्हाईक मिळालं की मालकाकडून थेट त्याच्या नावावर ट्रान्स्फर. कागदावर कन्सल्टंट कुठेच नसतो. म्हणून कागदापलीकडे पाहा. पैसे कोणाच्या खात्यात गेले? टोकनची पावती कोणाच्या लेटरहेडवर आहे? भाव कोणी ठरवला? जुन्या मालकाला किती मिळाले? मालकाला ४ लाख १० हजार देऊन तुमच्याकडून ४ लाख ८० हजार घेतले असतील तर तो विक्रेताच. आणि खरोखर फक्त कमिशन घेतलं असेल तरी पैसे घेऊन सेवा दिली, मग सेवेतल्या त्रुटीची तक्रार होते. १ एप्रिल २०२३ पासून मोटार वाहन नियमांत नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या डीलरसाठी अधिकृतता आली आहे. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची माहिती सरकारी वाहन पोर्टलवर गेली की तो डीलरच त्या गाडीचा मालक मानला जातो. तुमच्या कन्सल्टंटकडे ते प्रमाणपत्र आहे का हे नोटिशीतच विचारा. असेल तर 'मध्यस्थ' ही भाषा टिकणं अवघड; नसेल तर ते त्याला आयोगासमोर सांगायला आवडणार नाही. तक्रारीत कन्सल्टंट आणि जुना मालक दोघांनाही पक्षकार करायचं का हे वकील ठरवेल. मला विचाराल तर जुन्या मालकाला आधी एक साधा फोन करा. त्याला अनेकदा ठाऊकही नसतं की त्याची गाडी किती किलोमीटर सांगून विकली, आणि तो आपणहून जुन्या सर्व्हिस बिलांचे फोटो पाठवतो.

इथपर्यंतचं एका दमात: गाडी न उघडता ठेवा, स्कॅन आणि ऑइल जपा, सर्व्हिस हिस्टरी काढा, जाहिरात आणि चॅट वाचवा, पैशांचा माग लावा. मग नोटीस.

नोटिशीत शिवीगाळ नको, पोलिसांची धमकी नको. गाडी कधी, कितीला घेतली, काय सांगितलं होतं, काय निघालं, आणि अमुक तारखेला अमुक गॅरेजमध्ये, अमुक वाजता गाडी उघडून तपासणार आहोत, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. सात-आठ दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. ही तपासणीची बोलावणी नोटिशीतली सर्वांत किमती ओळ आहे. तो आला तर दोघांसमोर जे दिसेल ते दोघांना मान्य. नाही आला तर "माझ्या पाठीमागे उघडली" हा बचाव त्याच्या हातून गेला. तपासणी अशा माणसाकडून करा ज्याला त्या दुरुस्तीतून पैसे मिळणार नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजचं मत तुलनेने हलकं ठरतं, त्याची लबाडी नसली तरी. परवानाधारक सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल शिकवणारा अनुभवी प्राध्यापक चालेल. एआरएआयकडे नेऊ का, असं पुण्यात हमखास विचारतात. त्या संस्थेचं मुख्य काम वाहनांची आणि सुट्या भागांची चाचणी, प्रमाणीकरण हे आहे. शाफ्टचा प्ले आणि कॉम्प्रेशन मोजायला एवढं दूर जायची गरज नाही. आयोगाला वाटलं तर आयोग स्वतःही योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो.

तपासणी झाल्यावर गाडीवाचून अडत असेल तर दुरुस्त करा. निकाल लागेपर्यंत गाडी उभी ठेवा असं मी कोणालाच सांगत नाही; उभ्या गाडीची बॅटरी जाते, टायर बसतात, आणि ते नुकसान कोणी भरून देत नाही. फक्त काढलेला प्रत्येक भाग पोत्यात घालून घरी आणा, जीएसटीचं बिल घ्या, आणि टर्बो एक्स्चेंजमध्ये देऊ नका, दोन-चार हजार जास्त गेले तरी. विम्याचा क्लेम मात्र डोक्यातून काढा. यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाही, आणि कोणी "खड्ड्यात आपटली असं दाखवू" म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ती सक्ती करू शकत नाही, पण मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग होतो. तुमची गाडी अशा कंपनीकडून असती तर मी आधी वॉरंटीचं पत्रक वाचायला लावलं असतं, कारण इंजिन-गिअरबॉक्स कव्हर आहे म्हणताना टर्बो, इंजेक्टर, सेन्सर वगळलेले असू शकतात, आणि बाहेरच्या गॅरेजने हात लावला की वॉरंटीच जाण्याची अट असते. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. छोट्या कन्सल्टंटला १९१५ चा फारसा धाक नसतो. तिथे थेट जिल्हा आयोग.

जिल्हा आयोगात दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, म्हणजे तुमच्या ४ लाख ८० हजारांना काहीच भरायचं नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे मुंबई-नाशिकहून गाडी आणलेल्यांनीही पुण्यातच करावी. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्यातली अशीच मुदत ताणता येत नाही असं सांगितलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. गाडी कंपनीच्या नावावर किंवा धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही 'ग्राहक' आहात का यावरच पहिला वाद होईल. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला मात्र कायद्याने सूट दिली आहे. लिहिता-वाचताना अडचण वाटली तर ग्राहक पंचायतीकडे जा. ही चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच उभी केली.

सोसायटीतल्या शेजाऱ्याकडून किंवा ऑफिसातल्या मित्राकडून गाडी घेतलेल्यांना हा रस्ता नाही. तो व्यापारी नाही, त्यामुळे ग्राहक आयोग त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथे दिवाणी दावा, तीन वर्षांची मुदत, शिवाजीनगरचं कोर्ट. आणि तिथे करार कायद्यातला एक अपवाद आडवा येतो: समोरचा गप्प राहिला, पण साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला खरं कळलं असतं, असं दिसलं तर करार मोडता येत नाही. उघड खोटं बोलला असेल तर हा बचाव त्याला मिळत नाही. लाखभराच्या वादासाठी मी बहुतेकांना अशा ठिकाणी बसून मिटवायला सांगतो. बाकी सगळं सोडून आधी पोलिसांकडे जायचं ते एकाच प्रकारात: चॅसिस नंबर खोडलेला, गाडी चोरीची, किंवा बँकेचा बोजा लपवून विकलेली. नुसत्या इंजिनच्या वादाला चौकीत बहुतेक वेळा "हे दिवाणी आहे" हेच उत्तर मिळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. गाडी परत आणि ४ लाख ८० हजार पूर्ण, हे मला अवघड दिसतं, मीटर फिरवलेला सिद्ध झाला तर वेगळं. टर्बो आणि इंजिनचं दुखणं जुनं होतं एवढंच सिद्ध झालं तर दुरुस्तीचा खर्च किंवा त्याचा मोठा हिस्सा, त्यावर व्याज, मनस्तापाचे आणि तक्रारीचे थोडे पैसे, अशी अपेक्षा ठेवा. गाळाचे फोटो आणि स्कॅनचा आकडा नोटिशीसोबत गेला तर कन्सल्टंट बहुधा तडजोडीला येईल, कारण त्याला दुकान चालवायचं आहे. "माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये मोफत करून देतो" ही ऑफर आली तर कुठले भाग टाकणार, नवे की रिकंडिशन, बिल कोणाच्या नावावर आणि कामावर किती महिन्यांची हमी, हे लिहून मागा. पैसे द्यायला तयार झाला तर एनईएफटी घ्या, पुढच्या तारखेचे चेक नकोत.

आणि गाडी परत घ्यायला तयार झाला तर घाईने किल्ली देऊ नका. आरसी तुमच्या नावावर झाली असेल तर कागदोपत्री मालक तुम्ही आहात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. पैसे खात्यात जमा झाल्यावरच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, कोऱ्या नाहीत, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहूनच. तो अधिकृत डीलर असेल तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती पोर्टलवर चढवून घ्या. नसेल तर ताबापावतीवर गाडी दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून त्याची सही घ्या, आणि कोणाच्याही नावावर का होईना, ट्रान्स्फर पुरी झाली की नाही हे एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर दर आठवड्याला बघत राहा.